उभ्या गाडीला पोचा

आग्रही : रस्त्यावरच्या अपघातात चूक कुणाची यावर तासभर भांडता येतं. सिग्नल पिवळा होता की लाल, इंडिकेटर दिला होता की नाही, वळताना पुढच्यानं बघायचं की मागच्यानं. उभ्या गाडीच्या बाबतीत हा वादच नाही. हँडब्रेक ओढलेला, दारं लॉक, आत कुणी नाही. ती कुणाच्या अंगावर गेलेली नसते. तरी आपल्याकडे सगळ्यात कमी दाद लागते ती याच प्रकरणात. लोकांना वाटतं, ठोकणाऱ्यानं थांबायला हवं होतं ही सभ्यतेची बाब आहे. अहो, ती कायद्याची बाब आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम १३४ वाचा. माणूस जखमी झाला तर आहेच, पण दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तरीही चालकानं पोलिसांना सांगायचं. जागेवर पोलीस नसेल तर जवळच्या ठाण्यात, शक्य तितक्या लवकर आणि काहीही झालं तरी २४ तासांच्या आत. शिवाय आपल्या विमा कंपनीला लेखी कळवायचं. नाही कळवलं तर कलम १८७ आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही. पोचा पाडणं हा एक वेळ गुन्हा नसेल. निघून जाणं हा आहे.

साशंक : कागदावर सुरेख आहे. आता तो कागद घेऊन ठाण्यात जा. ठाणे अंमलदार पहिला प्रश्न विचारेल, "कुणाला लागलं का?" नाही. मग तो बसल्याजागी मनात कलमं चाळेल. निष्काळजीपणे गाडी चालवण्याचं कलम, भारतीय न्याय संहितेतलं २८१, त्याला माणसाच्या जिवाला धोका लागतो. आगळिकीचं ३२४, त्याला नुकसान करण्याचा हेतू लागतो, निदान आपण करतोय त्यातून नुकसान होणार याची जाणीव तरी. रिव्हर्स घेताना अंदाज चुकलेल्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. राहिलं तुमचं १३४ आणि १८७. तो गुन्हा अदखलपात्र, म्हणजे एनसी लिहून घेणार आणि तुमच्या हातात एक प्रत देणार. त्यापुढे तपास करायचा तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश हवा. बंपरसाठी कोण जातं? आणि पोलीस आळशी आहेत असं मी म्हणत नाही. त्याच टेबलावर त्याच रात्री हरवलेली मुलगी असते, मारामारी असते, दोन चोऱ्या असतात. मी त्या खुर्चीत असतो तर मीही बंपर खालीच ठेवला असता.

आग्रही : पण नंबर मिळाला तर?

साशंक : नंबर मिळाला तरी माणूस मिळत नाही. सरकारी अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकलात तर गाडी कुठल्या वर्षाची, विमा कधी संपतो, हे दिसतं. मालकाच्या नावाच्या जागी मधली अक्षरं झाकून चांदण्या. ते योग्यही आहे, नाहीतर कुणीही कुणाच्या दारात जाऊन उभं राहील. मालकाला "त्या वेळी गाडी कोण चालवत होतं ते सांग" असं विचारण्याचा अधिकार कलम १३३ खाली पोलिसांना आहे, तुम्हाला नाही. म्हणजे फिरून पुन्हा त्याच टेबलाशी.

आग्रही : तर मग विम्याकडे जाते. प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. खासगी मोटारीच्या पॉलिसीत तिऱ्हाइताच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी सर्वसाधारणपणे साडेसात लाखांपर्यंतचं संरक्षण असतं. ज्यानं ठोकलं त्यानं दर वर्षी हप्ता भरला तो कशासाठी? माझ्यासाठी! मी ती तिऱ्हाईत आहे. पण प्रत्यक्षात होतं काय? गॅरेजवाला सांगतो, "ताई, तुमच्याच पॉलिसीत टाकू." मी माझ्या विम्यावर दावा करते, फॉर्मवर "उभ्या गाडीला अज्ञात वाहनाची धडक" असं लिहिते, आणि शिक्षा मला होते.

साशंक : हा हिशेब मी आकड्यांत सांगतो, कारण लोक तो करतच नाहीत. समजा, पॉलिसीतल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाचा पूर्ण हप्ता १२,००० आहे. पाच वर्षं दावा केला नाही म्हणून ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणून तुम्ही भरता ६,०००. एक दावा केला की पुढच्या नूतनीकरणाला बोनस शून्य. मग २०, २५, ३५, ४५ टक्के अशा पायऱ्या चढत पुन्हा ५० वर. मूळ हप्ता तोच राहिला असं धरलं तर जादा भरणा पहिल्या वर्षी ६,०००, नंतर ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६००. बेरीज १५,०००. शिवाय दावा करताना पहिले १,००० तुमच्या खिशातले, इंजिन १,५०० सीसीच्या वर असेल तर २,०००. बंपर बदलला आणि झीरो डेप घेतलेलं नसेल, तर तो प्लॅस्टिकचा म्हणून निम्मी किंमत कापतात. आता सांगा, नऊ हजारांच्या बंपरसाठी दावा करणारा शहाणा की मुकाट खिशातून भरणारा? बोनस वाचवणारं वेगळं कलम पॉलिसीत जोडून मिळतं, पण त्याचेही पैसे तुम्हीच भरायचे. म्हणून मी म्हणतो, गाडी गॅरेजला टाका आणि विषय संपवा.

(मध्येच लेखकाचं एक वाक्य : हे गणित दोघांनाही तंतोतंत मान्य आहे, आणि भांडण तिथूनच पेटतं.)

आग्रही : तुम्ही हे शहाणपण म्हणून सांगताय, मी तेच फिर्याद म्हणून वाचतेय. चूक दुसऱ्याची, विमा दुसऱ्याचा आणि भुर्दंड पाच वर्षं माझा. आणि दुसऱ्याच्या विमा कंपनीकडे थेट का जाता येत नाही? तर त्याची वाट मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून जाते. कलम १६५ मध्ये मालमत्तेचं नुकसान स्पष्ट लिहिलेलं आहे. अर्ज करायला मुदत सहा महिने. म्हणजे हक्क आहे, दार आहे, दारावर पाटीसुद्धा आहे. फक्त ते दार मृत्यूसाठी आणि मोडलेल्या हाडांसाठी बांधलेलं आहे. घरातला कमावता माणूस गेलेली बाई ज्या रांगेत उभी आहे, त्या रांगेत मी माझ्या डाव्या मागच्या दाराचा फोटो घेऊन कशी उभी राहू? मलाच लाज वाटेल. छोट्या नुकसानीसाठी छोटं दार कुणी ठेवलंच नाही, आणि मग आपण त्याला लोकांचा समजूतदारपणा म्हणतो.

साशंक : छोटं दार लोकांनी स्वतः पाडलं आहे. त्याला "मिटवून टाका" म्हणतात. ठोकलं, दोघं उतरले, आवाज चढला, चार माणसं जमली, त्यातला एक वयस्कर पुढे झाला. ओळखीच्या गॅरेजवाल्याला फोटो पाठवला, त्यानं डेंटिंग-पेंटिंगचा आकडा सांगितला, थोडी घासाघीस झाली, पैसे मोबाइलवर आले, प्रत्येक जण आपापल्या कामाला गेला. वकील नाही, तारीख नाही. इतका स्वस्त आणि इतक्या लवकर न्याय देणारं न्यायालय मला दाखवा.

आग्रही : दाखवते, फक्त त्या न्यायालयाचे निकाल एकदा ओळीनं वाचा. खाण्याचं पार्सल पोचवणाऱ्या पोराच्या हँडलनं दाराला ओरखडा उठला, तर तो हात जोडतो आणि त्या दिवसाची सगळी कमाई काढून देतो. वर चार माणसं त्याला दोन शब्द सुनावतात. बोनेटवर झेंडा आणि काचेमागे कुठल्याशा पदाची पाटी असलेल्या उंच गाडीनं तुमचा आरसा मोडला, तर तेच चार लोक तुम्हाला सांगतात, "जाऊ द्या हो, किती मनाला लावून घेता!" बाईची गाडी असेल तर पहिला प्रश्न, "नीट लावली होती का?" तुमच्या त्या न्यायालयात भरपाई नुकसानीवर ठरत नाही, गाड्यांच्या उंचीवर ठरते. कायदा कितीही ढिला असो, तो निदान दोघांना प्रश्न तरी एकच विचारतो.

साशंक : प्रश्न एकच, पण तो झेपणारी पाठ वेगळी असते ना. त्या पोराचंच घ्या. गाडी चुलत्याच्या नावावर, विमा मागच्या दिवाळीत संपलेला, लायसन्स शिकाऊ. तुम्ही १३४ लावायला निघालात की या तिन्ही गोष्टी बाहेर येतात. तुमच्या चार हजारांच्या रंगासाठी त्याचं काम जातं. किंवा सोसायट्यांमधली रोजची गोष्ट घ्या. सकाळी गाड्या धुणाऱ्या मुलाकडे पाच-सहा गाड्यांच्या किल्ल्या असतात. एक गाडी दुसरीच्या आड येते, तो ती "जरा" मागे घेतो, आणि खांबाशी उभी असलेल्या तिसरीला लागतं. त्याच्याकडे लायसन्स नाही. किल्ली देणारे गृहस्थ म्हणतात, मी चालवायला दिली नव्हती, धुवायला दिली होती. कायद्यानं विनापरवाना माणसाच्या हाती गाडी जाऊ देणारा मालकही दोषी, आणि लायसन्स नाही म्हटल्यावर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. म्हणजे हे सगळं नीट कागदावर आणलं तर तिथे फिर्यादी सोडून सगळे बुडतात. त्यातही आधी कोण बुडतं ते तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या दिवसापासून गाड्या धुवायला नवा मुलगा येतो.

आग्रही : हे खरं आहे, आणि याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. त्या मुलाला मीही सोडून देईन. पण मी कुणाला सोडते आहे हे मला माहीत असेल. तुमच्या "जाऊ द्या" मध्ये ते कुठे असतं? जो समोर आला, "मॅडम, माझ्याकडून लागलं" म्हणाला, आणि ज्याच्याकडून मी पैसे घेतले नाहीत, त्याला मी माफ केलं. जो रात्री ठोकून गेला आणि जो कोण हे तुम्ही शोधलंही नाही, त्याला तुम्ही माफ केलेलं नाही. तुम्हाला फक्त कंटाळा आला. तो कंटाळा तुम्ही उदारपणाच्या खात्यावर जमा करता, ही माझी तक्रार आहे. म्हणून माझा आग्रह असा की आधी नोंद, मग औदार्य. गाडी हलवायच्या आधी चारी बाजूंनी फोटो. ओरखडा जमिनीपासून किती उंचीवर आहे ते दिसेल असा एक. दुसऱ्या गाडीचा रंग आपल्या बंपरवर उतरलेला असतो, त्याचा जवळून. त्याच दिवशी सेक्रेटरीकडे सीसीटीव्हीसाठी अर्ज, कारण डीव्हीआर भरला की जुनं पुसून नवं चढतं. सोसायटीच्या मीटिंगपर्यंत थांबलात तर पडद्यावर फक्त कालचं मांजर दिसेल. मागच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचं विचारायचं. एवढं झाल्यावर माणूस कळला, त्याची परिस्थिती कळली, की मग काय ते ठरवा. कळायच्या आधीच सोडून दिलं की त्याचा फायदा सगळ्यात जास्त त्याला होतो, ज्याला भरपाई देणं सहज परवडलं असतं.

साशंक : यातलं अर्धं मी मान्य करतो. दुसऱ्या अर्ध्याआधी मला तुमचं पहिलंच वाक्य परत तपासायचं आहे. उभ्या गाडीची काहीच चूक नाही, म्हणालात. उभी कुठे होती? आपल्याकडची छोटी गाडी म्हणजे जेमतेम चार मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद, अंदाजे सात चौरस मीटर. शहरात सात चौरस मीटर जागा भाड्यानं घ्यायला जा, मालक काय भाडं सांगतो बघा. ती जागा आपण रात्रभर फुकट वापरतो, रस्ता सगळ्यांचा म्हणून. पुण्यातल्या एखाद्या पेठेतल्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागल्यावर मध्ये जे उरतं, त्यातून पाण्याचा टँकर गेला पाहिजे, गॅसचा टेम्पो गेला पाहिजे, रात्री रुग्णवाहिका गेली पाहिजे. टँकरच्या मागच्या चाकाच्या पत्र्यानं तुमचा आरसा नेला. त्या ड्रायव्हरनं दोन्ही कडांना चार-चार बोटं ठेवून गाडी काढली होती. मला सांगा, दोष शंभर टक्के त्याचा? कायद्यालाही तसं वाटत नाही. इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी उभी करण्याला कलम १२२ मनाई करतं. पुणे महापालिकेनं २०१८ मध्ये पार्किंगचं धोरण मंजूर केलं, त्यावर इतका गदारोळ झाला की ते निवडक रस्त्यांपुरतं आखडलं गेलं. २०२५ मध्ये परिवहनमंत्री म्हणाले, जागेचा दाखला असल्याशिवाय नवी गाडी नोंदवायची नाही, आणि पुन्हा लोक संतापले. जपानमध्ये तसा कायदा १९६२ पासून आहे, तिथे आधी जागा दाखवा, मग गाडी घ्या. आपण आधी गाडी घेतो, मग पेढे वाटतो, मग जागा शोधतो. आणि तिला पोचा पडला की आपल्यावर अन्याय झाला असं आपल्याला वाटतं.

आग्रही : माझी गाडी चुकीच्या जागी असेल तर ती उचलून न्या, दंड करा, मी भरीन. ते काम टोइंगवाल्याचं आहे, टँकरवाल्याचं नाही. माझ्या चुकीची शिक्षा जाणाऱ्या-येणाऱ्यानं आपापल्या बंपरनं देत सुटायची असं नसतं. आणि ती जिथे बरोबर जागी असते तिथे तरी काय होतं? सोसायटीत आखलेल्या पट्ट्यात, मॉलच्या तळघरात पैसे भरून? तिथे पाटी असते, "गाडी स्वतःच्या जबाबदारीवर लावा." ती पाटी वाचून आपण गप्प बसतो. दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलातून व्हॅलेच्या ताब्यातली गाडी चोरीला गेली, तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१९ मध्ये निकाल लागला की किल्ली ताब्यात घेतल्यावर निष्काळजीपणा झाला तर केवळ चिठोऱ्यावर छापलेल्या ओळीमागे हॉटेलला लपता येणार नाही. म्हणजे पाटी लावली की जबाबदारी संपते असं नाही. तुम्ही रस्त्याचा मुद्दा काढलात तो खरा आहे, तो मी टाळत नाही. पण तो पुढे करून पळून गेलेल्या माणसाचं ओझं हलकं करू नका. टँकरवाला थांबून म्हणाला असता, "तुमची गाडी आत घ्यायला हवी होती," तर मी त्याच्याशी भांडले असते, आणि कदाचित अर्धा आरसा माझ्या नावावर लिहिला असता. तो थांबलाच नाही.

साशंक : म्हणजे तुम्हाला पैसे नकोच आहेत.

आग्रही : हवेत, पण दुसऱ्या क्रमांकावर. पहिल्या क्रमांकावर वायपरखाली एक चिठ्ठी हवी आहे. नाव आणि फोन नंबर, बस. त्यापुढचं सगळं माणसासारखं बोलून होईल.

साशंक : होईल का? चिठ्ठी ठेवणाऱ्याच्या बाजूनं बघा. त्याच्याकडून नाण्याएवढा ओरखडा गेला. तो चांगला माणूस आहे, नंबर ठेवला. संध्याकाळी फोन येतो, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा अंदाज आहे १८,०००. का? तर मेटॅलिक रंग आहे, उन्हात जुना झालेला, तेवढ्याच ठिपक्यावर मारला तर जुळत नाही. अख्खा पॅनल रंगवायचा, शेजारच्या पॅनलवर थोडा उतरवायचा, वरून क्लिअर कोट. यात खोटं काही नाही, काम खरंच तसंच होतं. पण त्याच पॅनलवर मागच्या गणपतीतला एक पोचा होता, तोही आता निघणार. बंपरचा तुटलेला क्लिप, तोही. गॅरेजवाला म्हणतो, "गाडी उघडलीच आहे तर करून घेऊ." आणि आपण, तुम्ही आणि मी धरून, हो म्हणतो. चिठ्ठी ठेवणारा हे एकदा भोगतो. पुढच्या वेळी त्याच्या खिशात पेन नसतं. पळून जाणारे सगळेच बेमुर्वत नसतात. त्यातल्या काहींना आपण पळायला शिकवलंय. म्हणून सांगतो, चिठ्ठी मिळावी असं वाटत असेल तर आधी ती मिळाल्यावर आपण कसे वागतो ते बघा.

आग्रही : हे मला लागलं. कारण ठोकणारा कसा असावा याचाच विचार मी आतापर्यंत केला. ज्याचं नुकसान झालं तो कसा असावा, हा प्रश्न मी घेतलाच नव्हता, त्याला मी आधीच निर्दोष धरलं होतं. ठीक आहे. त्याच्यावरही बंधन घाला. जुनं नवं वेगळं दाखवायचं, गॅरेज दोघांनी मिळून ठरवायचं, बिल फोटोसकट पाठवायचं. पण मग तुम्हीही एका प्रश्नाचं उत्तर द्या. तुमच्याकडून लागलं तर तुम्ही चिठ्ठी ठेवाल?

साशंक : सोसायटीत ठेवीन. चिठ्ठी कशाला, बेल वाजवीन. अनोळखी भागात, रात्री, गाडीत घरची माणसं, बाहेर पोरांचा घोळका, तिथे थांबणार नाही. नंतर नंबर शोधून फोन करीन की नाही, हे मला आज खात्रीनं सांगता येणार नाही.

आग्रही : म्हणजे तुमचा समजूतदारपणा ओळखीच्या गेटपर्यंतच पोचतो. त्या गेटाबाहेरच्यासाठीच कायद्यानं पोलीस ठाणं आणि २४ तास दिले आहेत ना? घोळक्यापुढे थांबू नका. ठाण्यात जा.

साशंक : तुम्ही जाल? रिव्हर्स घेताना कुणाच्या तरी बंपरला लागलं म्हणून, आपल्या पायानं, ठाण्यात?

आग्रही : ठाण्याचं सांगत नाही. चिठ्ठी नक्की ठेवीन.

साशंक : आणि तीत काय लिहाल?

आग्रही : नाव. नंबर. "माझ्या चुकीमुळे तुमच्या गाडीला लागलं, खर्च मी देईन."

साशंक : तुमची पॉलिसी काढा आणि शेवटच्या पानांवरच्या अटी वाचा. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकानं चूक कबूल करायची नाही, पैसे देऊ करायचे नाहीत, वचन द्यायचं नाही. तुमच्या चिठ्ठीतलं एकच वाक्य, आणि त्यात तिन्ही अटी मोडल्या. कायदा म्हणतो सांगा, करार म्हणतो कबूल करू नका, आणि समोरच्याला तर कबुलीच हवी आहे.

आग्रही : मग लिहीन, "अमुक वाजता माझी गाडी तुमच्या गाडीला लागली." घडलं ते. चूक हा शब्द गाळीन.

साशंक : तो फोन करेल. नुकसानीचं नंतर बोलेल, आधी विचारेल, "चूक तुमची होती ना?"

आग्रही : हो म्हणेन.

साशंक : कंपनीला न विचारता?

आग्रही : कंपनीला विचारून जर हो म्हणायचं असेल, तर ते हो त्याच्या काय कामाचं?

साशंक : बंपर रंगवायच्या कामाचं.